जपानात पेरलेले बी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणी तरी चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. या खेपेस ती पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही जपानात सात महिने राहून आलात, तिकडचेच काही तरी सांगा." जपान म्हटले की चेरीची फुले, किमोनो आणि वाऱ्यासारखी पळणारी आगगाडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांविषयी आपण सर्वांनी पुष्कळ वाचले आहे. म्हणून मी आज निराळाच विषय घेतला आहे. परदेशातून जपानात गेलेल्या ख्रिस्ती मिशनरी मंडळींचे रोजचे जिणे आणि त्यांनी तेथे केलेले काम, हा तो विषय. 'हे काय मध्येच?' असे कोणाला वाटेल. पण जरा धीर धरा. हा धागा आपल्या मंडळाच्या शिवणवर्गापर्यंत कसा येतो, ते मी शेवटी सांगणार आहे.

२०१८ साली माझा मुलगा नोकरीनिमित्त फुकुओका शहरात होता. सूनबाईचे दिवस भरत आले होते, म्हणून मी तिकडे गेले. बाळाचे न्हाऊमाखू आटोपले की दुपार मोकळी असे. गल्लीच्या टोकाला एक साधे दुमजली घर होते. दारावर लहानसा क्रूस होता आणि आत शिरल्याबरोबर पाहुण्यांसाठी मांडलेल्या सपातांची रांग. हेच तेथले चर्च. तेथे एक मिशनरी बाई एकट्या राहत. मूळच्या कॅनडातल्या, वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षे जपानात काढलेली. मला जपानी येईना, त्यांना इंग्रजी बोलायला कोणी मिळेना, अशी आमची गट्टी जमली.

मिशनरी म्हणजे सदा उपदेश करणारे माणूस, अशी माझी कल्पना. या बाईंचा दिवस पाहिला तर तो आपल्यासारखाच! सकाळी उठून दारापुढचा रस्ता झाडायचा. आपल्यापुरता नव्हे, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचाही. कचरा ठेवण्याच्या जागेची सफाई आळीतल्या घरांनी पाळीपाळीने करायची असते, ती पाळी कधी चुकवायची नाही. दुपारी मुलांना इंग्रजी शिकवायचे. गुरुवारी बायकांचा केकचा वर्ग. एखादी म्हातारी इस्पितळात असेल तर तिला भेटून यायचे. थंडीत घर असे गारठे की रॉकेलच्या शेगडीपाशी बसून त्या रविवारचे प्रवचन लिहीत. आणि रविवारी ते ऐकायला येणारी माणसे बारा नाही तर पंधरा, त्यांतही निम्म्या आजीबाई!

त्या एकदा मला म्हणाल्या, "येथे बिऱ्हाड केले तेव्हा शेजारच्या पाच घरी एकेक टॉवेल भेट घेऊन नमस्कार करायला गेले. नव्याने राहायला येणाऱ्याने असे करायचे, ही येथली रीत. माझ्या कामाची सुरुवात तेवढीच."

त्यांच्या वर्गाला एक बाई दहा वर्षे येत होती. बायबल वाची, गाणी म्हणे. पण बाप्तिस्मा काही घेईना. कारण काय, तर तिच्या घरी बुत्सुदान होते. बुत्सुदान म्हणजे पितरांचा देव्हारा. सकाळी ताज्या भाताचा नैवेद्य तेथे दाखवायचा. ती थोरली सून. ती ख्रिस्ती झाली तर सासूसासऱ्यांच्या मागे तो भात कोण ठेवणार? मैत्रिणींनो, ही अडचण मला कोणी समजावून द्यावी लागली नाही. पितृपक्षातले पान आपणही वाढतो. मी विचारले, "मग तुम्ही तिला काय सांगितले?" त्या म्हणाल्या, "काय सांगणार? चहा ठेवला."

एक दिवस मी धीर करून विचारले, "इतक्या वर्षांत तुमच्या हातून किती माणसे ख्रिस्ती झाली?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "एवढी बोटे पुरतील." मी म्हटले, "वाईट वाटत नाही?" "वाटते. खोटे कशाला बोलू? दर वर्षी मायदेशी अहवाल पाठवावा लागतो, त्यात आकडा लिहिताना हात जड होतो. पण केकच्या वर्गातली एक बाई नवरा वारल्यावर तीन महिने घराबाहेर पडली नव्हती. ती पहिल्यांदा बाहेर पडली ती माझ्याकडे यायला. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?"

त्या रकान्याची गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. मी वाचू लागले, आणि मुलाच्या मागे लागून नागासाकीलाही जाऊन आले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. मिशनरी म्हटले की माझ्या मनात एक अढी होती. मी नोकरी केली ती वसईत. किल्ल्याचे पडके तट रोज डोळ्यांसमोर. पोर्तुगीज राज्यात आपल्या लोकांची देवळे पडली आणि धर्माच्या नावाखाली जुलूम झाला, हे आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. जपानातल्या या कामाचा पहिला धागाही आपल्याच किनाऱ्यावरून निघतो. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानच्या दक्षिण टोकाला कागोशिमा येथे उतरले. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी होता. तो आदल्याच वर्षी गोव्यात ख्रिस्ती होऊन तेथल्या सेंट पॉल विद्यालयात शिकला होता.

त्यांची पहिली फजिती झाली ती भाषेने. 'देव' या शब्दाला जपानीत काय म्हणावे? आंजिरोने सुचविले 'दाइनिची'. झेवियरसाहेब गावोगाव दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगू लागले आणि बौद्ध भिक्षू त्यांचे मोठ्या आनंदाने स्वागत करू लागले. कारण दाइनिची हे त्यांच्याच पंथातल्या बुद्धाचे नाव! चूक कळली तेव्हा झेवियर यांनी तो शब्द टाकून 'देऊस' हा आपला लॅटिन शब्द घेतला. दुसरा धडा कपड्यांचा. फाटक्या झग्यातल्या साधूला यामागुची येथे कोणी विचारीना. पुढल्या खेपेस, १५५१ साली, ते उंची वस्त्रे घालून आणि घड्याळासारख्या भेटी घेऊन गेले, तेव्हा तेथल्या सरदाराने त्यांना उपदेशाची परवानगी दिली. म्हणजे ज्यांना शिकवायला गेलो त्यांच्याकडूनच आधी शिकावे लागते, हे त्यांना दोन वर्षांत उमगले.

नागासाकीला स्टेशनजवळच निशिझाका नावाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. सहा परदेशी, बाकीचे वीस जपानी. त्यांत तीन कोवळी मुले. त्यांतल्या बहुतेकांना भर थंडीत क्योतोकडून पायी चालवीत आणले होते. १९६२ साली तेथे त्यांचे ब्राँझचे शिल्प उभारले आहे. त्या रांगेत गोन्सालो गार्सिया उभे आहेत. आपल्या वसईचे! बाप पोर्तुगीज, आई इकडची. लहान वयात जपानला गेले, पुढे व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर झाले. जपानी उत्तम येई, म्हणून १५९३ साली हिदेयोशी या जपानच्या सत्ताधीशापुढे दुभाषा म्हणून उभे राहिले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईच्या कॉलेजला त्यांचे नाव आहे. ते नाव मी वर्षानुवर्षे पाटीवर वाचीत होते. त्या टेकडीवर मात्र क्षणभर पाय खिळले.

त्यांना मारले का? क्रौर्य तर खरेच. पण भीतीही होती. जेथे आधी पाद्री जातो तेथे मागून जहाज आणि तोफा येतात, असा संशय राज्यकर्त्यांच्या मनात बसला होता. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला तो संशय अगदीच खोटा म्हणता येणार नाही. १६१४ साली साऱ्या देशात बंदी झाली. पाद्री हाकलले गेले, मारले गेले. क्रुसाच्या चित्रावर पाय देऊन 'मी ख्रिस्ती नाही' हे सिद्ध करावे लागे. शेवटी एकही पाद्री उरला नाही. अहवालात शून्य!

आणि तरी नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत, बेटांवर, गरीब शेतकरी आणि कोळी यांच्या घरांत प्रार्थना चालू राहिल्या. पुस्तक नाही, चर्च नाही. देव्हाऱ्यात बाळ घेतलेली कान्नोन देवी ठेवायची आणि मनात तिला मरिया म्हणायचे. तोंडातल्या तोंडात मुलांना प्रार्थना शिकवायच्या. असे अडीचशे वर्षे चालले. १८६५ साली परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकीला ओउरा येथे चर्च सुरू झाले. १७ मार्चला उराकामी खेड्यातली काही माणसे भीत भीत आत आली. पेतिजाँ नावाचे फ्रेंच पाद्री तेथे होते. त्यांच्याजवळ जाऊन एका बाईने हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे, आणि विचारले, मरियेची मूर्ती कोठे आहे? धाडस केले ते एका बाईने, हे लक्षात ठेवा. पुढे बोभाटा झाला आणि उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना देशोधडीला लावले गेले. सहाशेहून अधिक परत आली नाहीत. बंदीच्या पाट्या उतरल्या त्या १८७३ साली. याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता दुसऱ्या खेपेला आलेल्या मिशनऱ्यांकडे वळू. हे बहुतेक एकोणिसाव्या शतकातले. ते आले तेव्हा बंदी अजून कायम होती. उघड उपदेश करायची सोय नाही. मग करायचे काय? आजाऱ्याला औषध आणि मुलांना अक्षर. अमेरिकेचे डॉक्टर हेपबर्न १८५९ साली बायकोसह आले, आणि त्यांचे पहिले बिऱ्हाड होते एका बौद्ध देवळात! रोगी तपासता तपासता त्यांनी जपानी शब्द टिपले आणि १८६७ साली जपानी-इंग्रजी कोश छापला. त्यांच्या पत्नी क्लॅरा मुलांना शिकवीत. त्या वर्गातूनच १८७० साली मेरी किडर नावाच्या बाईंनी योकोहामाला शिकवायला सुरुवात केली. त्यांच्यापुढे मूठभर मुलेमुली होती. पुढे ती केवळ मुलींची शाळा झाली आणि आज तिचे फेरिस नावाचे मोठे विद्यालय आहे. मुलीला शाळेत कशाला, असे म्हणण्याचा तो काळ.

अशा वातावरणात वाढलेले एक गृहस्थ म्हणजे नारुसे जिन्झो. ते तरुणपणी ख्रिस्ती झाले, काही काळ धर्मोपदेशक होते, ओसाकाच्या ख्रिस्ती मुलींच्या शाळेत शिकवीत होते. पुढे त्यांनी १९०१ साली टोकियोला स्त्रियांचे विद्यापीठ काढले. ते मात्र कोणत्याही चर्चचे नव्हते. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पुण्याला एका शिक्षकांकडे पाठविली. ते शिक्षक म्हणजे आपले अण्णासाहेब कर्वे. त्यांनी ती प्रथम बाजूला ठेवली होती. पण १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, तेव्हा भाषणासाठी ती पुन्हा उघडली, आणि १९१६ साली आपले महिला विद्यापीठ सुरू झाले. या सभेतल्या किती तरी जणी त्याच विद्यापीठाच्या पदवीधर आहेत. डॉक्टर हेपबर्नच्या ओसरीवर चार पोरी पाटी घेऊन बसल्या, तेव्हा यातले काही कोणाच्या स्वप्नात तरी होते का? कोठले बी आणि कोठे उगवले!

आता शेवटची आणि मला सर्वांत आवडलेली हकीगत. नागासाकीहून बसने गेले की सोतोमे नावाचा डोंगराळ किनारा लागतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खडकाळ उतार. तेथे १८७९ साली द रो नावाचे फ्रेंच पाद्री नेमले गेले. ते उमराव घराण्यातले. जपानात आले होते १८६८ साली. १८७४ साली नागासाकीकडे आमांशाची साथ आली, तेव्हा औषधांची पेटी घेऊन ते घरोघर हिंडले. त्यांच्याबरोबर इवानागा माकी ही परागंदा होऊन परत आलेली तरुणी आणि तिच्या काही मैत्रिणी होत्या. साथीत पोरके झालेले मूल माकीने घरी आणले, मग दुसरे आणले, आणि त्यातूनच उराकामीचा अनाथाश्रम उभा राहिला.

सोतोमेला येऊन द रो पाहतात तो काय, दर्यावर गेलेले नवरे बुडालेले, घरोघर विधवा, आणि हाताला काम नाही. त्यांनी १८८२ साली शित्सु गावी चर्च बांधले आणि लगेच पुढल्या वर्षी बायकांसाठी उद्योगघर उभे केले. खाली काम करायचे, वर राहायचे आणि प्रार्थना करायची. बायका तेथे सूत विणायला, कपडे शिवायला, लिहायला आणि हिशेब करायला शिकल्या. आईवडिलांकडून आलेला पैसा त्यांनी यात घातला. विहिरी खणल्या, रस्ते केले, कोळ्यांसाठी जाळी विणण्याचा कारखाना काढला.

पण माझे लक्ष वेधले ते शेवयांनी. तिकडे सोमेन म्हणून अगदी बारीक, लांब शेवया करतात. पीठ मळायचे, तेलाचा हात लावायचा, ओढून ओढून दोऱ्यासारखे बारीक करायचे आणि वाळवायचे. चैत्रात पाटावर शेवया वळणाऱ्या बायकांना हे काम नवे नाही. द रो यांनी यात भुईमुगाचे तेल वापरायला लावले. शिवाय पाव आणि मॅकरोनी करायलाही शिकविले. खेड्यातल्या कोळिणींना मॅकरोनी कशाला? तर नागासाकीला परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती होती, त्यांना ती हवी होती! म्हणजे गिऱ्हाईक आधी पाहिले आणि मग बाईच्या हाताला काम शिकविले. १९१४ साली ते वारले. फ्रान्सला ते परत गेले नाहीत. गावकरी त्यांना अजून 'दो-रो-सामा' म्हणतात. सामा म्हणजे आपल्याकडचे 'जी' किंवा 'महाराज'. त्यांच्या नावाच्या शेवयांचा एक पुडा मी तेथून आणला. उद्योगघरात जुनी पेटी आहे. तेथल्या एका भगिनीने ती मला वाजवून दाखविली.

त्या पेटीपाशी बसले असताना मला आपला शिवणवर्ग आठवला. सांगायला लाज वाटते, तरी आज सांगते. मी चिटणीस होते तेव्हा आपण गरजू भगिनींना शिवण शिकविले, प्रमाणपत्रे दिली, काही जणींना यंत्रेही दिली. त्या वर्षीच्या स्मरणिकेत मी तो आकडा ठळक अक्षरांत छापला. चार-पाच वर्षांनी त्यांतल्या एकीच्या घरी मी सहज गेले. यंत्र कोपऱ्यात होते. त्यावर फुलाफुलाचे कापड आणि कापडावर दूरदर्शन संच! मी विचारले, "काय ग, शिवत नाहीस?" ती म्हणाली, "बाई, शिवण आलं हो, पण गिऱ्हाईक कुठं होतं? आणि तुम्ही परत कधी आलातच नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागले. माझ्या रकान्यात ती अजूनही 'स्वावलंबी झालेली भगिनी' म्हणून नोंदलेली आहे.

मैत्रिणींनो, मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो मला मान्य नाही आणि तुम्हांलाही मान्य असावा असे मी म्हणणार नाही. त्या हेतूने पाहिले तर ते हरले. आजही जपानात ख्रिस्ती माणसे शंभरात एकाच्या आसपास आहेत. पण ज्या कामाला त्यांच्या अहवालात रकाना नव्हता, ते काम टिकले. शाळा टिकल्या, कोश टिकला, शेवया टिकल्या, अनाथ मुलांना पोटाशी धरणाऱ्या बायका तयार झाल्या. याचे कारण मला एकच दिसते. ती माणसे तेथे राहिली. त्यांची भाषा बोलली, त्यांच्या दारापुढचा रस्ता झाडला, आणि पुन्हा पुन्हा त्याच दारी गेली.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी नवा वर्ग काढू नये. आजवर शिकून गेलेल्या भगिनींची यादी चिटणीसबाईंपाशी आहे. ती आपण वाटून घेऊ. प्रत्येकीने पाच घरी जायचे आणि विचारायचे, यंत्र चालते का? नसेल तर का नाही? शाळांचे गणवेश, इस्पितळाच्या चादरी, लग्नाच्या पिशव्या ही कामे आपल्या ओळखीतून मिळवून त्यांच्या हाती देता येतील. पुढल्या अहवालात आकडा लहान दिसला तरी चालेल. त्या कोपऱ्यातल्या यंत्रावरचा संच उतरविण्याचे काम मी माझ्याकडे घेते. पत्ता मला ठाऊक आहे.

जपानहून निघताना मी त्या कॅनडाच्या बाईंना निरोप द्यायला गेले. त्या दिवशी त्यांची कचऱ्याच्या जागेची पाळी होती. हातात झाडू होता. "पुन्हा याल?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "देव जाणे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते खरे. पण पत्र लिहा." मी लिहिते. आजच्या सभेत ठरेल ते त्यांना कळवायचे आहे, तेवढे मात्र लक्षात ठेवा.